खोपटात स्ट्रॉबेरीचा हंगाम लांबवण्याची पद्धत

ही मार्गदर्शिका ठाण्यातल्या खोपट, चरई, उथळसर आणि पाचपाखाडी इथल्या, निदान एक खिडकी बिनविरोध ताब्यात असलेल्या कुटुंबांसाठी आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला वारा वेगळा, तिथल्यांनी आपापलं बघावं.

आधी परिस्थिती समजून घेऊ. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात आणि डिसेंबरच्या आगेमागे जी तोडणी सुरू होते ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. खोपटात तीच स्ट्रॉबेरी, सगळं सुरळीत पार पडलं तर, जानेवारीत हजेरी लावते आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की रजेवर जाते. म्हणजे रोपाच्या भरवशावर जेमतेम दीड महिना. बाकीचा हंगाम आपला आपण उभा करायचा आहे.

रोपाला दोष देण्यात अर्थ नाही. नर्सरीवाल्यालाही नाही, तो आपल्यासमोर खोटं बोलला असला तरी. आपल्याकडे मिळणाऱ्या स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा या जाती दिवस लहान आणि हवा गार असली की कळ्या धरतात. दिवसाच्या बाबतीत ठाणं अजिबात कमी पडत नाही. युरोपात उन्हाळ्यातला दिवस सोळा-सोळा तासांचा होतो, आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. स्ट्रॉबेरीच्या हिशेबात इथे बाराही महिने दिवस लहानच. घोडं अडतं ते रात्री. रात्रीचा पारा दहा-पंधरावर उतरला की रोप खूश असतं. खोपटात असं झालं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते आणि लोक कानटोप्या घालून तलावपाळीवर फोटो काढतात. पारा चढला की रोप कळ्यांचा नाद सोडून रनर फेकायला लागतं.

‘दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेल्या’ अल्बियनसारख्या जाती ऑनलाइन दाखवतात. त्यांचं दिवसाशी देणंघेणं नसतं, उकाड्याशी असतं. तिशीच्या वर पारा गेला की त्याही हात वर करतात.

यावर जपान्यांचा तोडगा आहे. तोचिगी भागातले शेतकरी ऐन उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीची रोपं डोंगरावर, निक्कोच्या पठारावर नेऊन ठेवत. गारव्यात कळ्या धरल्या की रोपं परत खाली, आणि फळ इतरांच्या आधी बाजारात. आपल्याकडे हीच ये-जा उलट्या दिशेने चालते. महाबळेश्वरच्या पावसात रोपं कुजतात, म्हणून पावसाळ्यात नवी रोपं वाईच्या बाजूच्या नर्सरीत वाढवायची आणि पाऊस ओसरला की पसरणीचा घाट चढवून वर न्यायची. सरकारी नोकराची होत नसेल इतक्या नेमाने स्ट्रॉबेरीची बदली होते.

खोपटकरांच्या दाराशी एसटी स्टँड असताना त्यांनी मागे का राहावं? सप्टेंबरात कुंडी गाडीत घालून थंड हवेच्या ठिकाणी असलेल्या नातेवाइकांकडे महिनाभर पाठवावी. तिचं अर्धं तिकीट पडतं की सामानाची पावती फाडावी लागते, ते चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावं. खिडकी उघडी असण्याच्या वेळा मात्र या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहेत. असे नातेवाईक नसतील तर ऑक्टोबरअखेर थांबून वरूनच आलेलं, मधला कोंब जाड असलेलं रोप विकत घ्यावं. खर्च तेवढाच येतो आणि नातीही टिकतात.

लागवडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सहा-आठ इंच खोल कुंडी, खाली भरपूर भोकं, माती-शेणखत-कोकोपीट समसमान. एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं: पानं जिथून फुटतात तो कोंब मातीच्या बरोबर वर राहिला पाहिजे. पुरला तर कुजतो, उघडा पडला तर मुळं सुकतात. फळ ओल्या मातीला टेकू नये म्हणून खाली भाताचा पेंढा पसरावा. पेंढा कुठे मिळतो हे घरातल्या कोणालाही माहीत नसेल, पण आंब्याच्या पेटीतला मेपासून माळ्यावर जपून ठेवलेला असतो, तो शोधावा.

जागा दक्षिणेची घ्यावी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि स्ट्रॉबेरीला रोज सहा तास ऊन लागतं. वास्तुशास्त्रवाल्यांनी नाक मुरडलेल्या आणि म्हणून थोड्या स्वस्तात पडलेल्या दक्षिणमुखी फ्लॅटचा हा पहिला आणि बहुधा शेवटचा फायदा. समोरची इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर घाई करा. जुनी पडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत जे ऊन मिळतं, ते पुन्हा या जन्मी नाही.

आता कबुतरं. खोपटात कबुतर हा निसर्गाचा भाग नसून भाडं न भरणारा सहरहिवासी आहे. त्याला स्ट्रॉबेरी आवडते असं नाही, त्याला कुंडीत बसायला आवडतं. म्हणून कबुतरजाळी लावावी. आता कबुतर येत नाही, आणि गच्च लावली असेल तर मधमाशीही फारशी फिरकत नाही. इथे खरी मेख आहे. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाच्या देठाचा फुगलेला शेंडा, आणि वरचे बारीक पिवळट ठिपके ही त्याची खरी फळं. ठिपक्यातलं बी धरलं तरच त्याच्याभोवतालचा गर फुगतो. परागकण फुलाच्या एकाच बाजूला पोचले तर फळ एका बाजूने गालफुगीसारखं सुजतं आणि दुसऱ्या बाजूने चिमटलेलं राहतं. तेव्हा मुलांच्या चित्रकलेच्या पेटीतला मऊ ब्रश घ्यावा आणि सकाळी दहाच्या सुमारास प्रत्येक पांढऱ्या फुलाच्या पिवळ्या मध्यावरून हलक्या हाताने गोल फिरवावा. समोरच्या गॅलरीतल्या मावशी बघत असल्या तरी थांबू नये. त्या काय ते समजायचं ते आधीच समजल्या आहेत.

नव्या रोपाची पहिली काही फुलं खुडून टाकावीत, म्हणजे रोप अंग धरतं. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे आणि कोणीही पाळत नाही.

फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण महिना जातो. तोडलेली स्ट्रॉबेरी केळ्या-आंब्यासारखी अढीत गोड होत नाही, म्हणून देठापर्यंत लाल होऊ द्यावी. या थांबण्यातच हंगामाची लांबी दडली आहे. हिरवी गोळी, पांढरी गोळी, टोकाला लाली, अर्धी लाल, असे एका फळाचे किमान चार टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर वेगळ्या दिवशी टाकावा. दोन कुंड्या असतील तर एकीत लवकर येणारी विंटर डॉन आणि दुसरीत उशिराची कामारोसा लावावी, म्हणजे ग्रुपवर खंड पडत नाही. नाव ठेवताना काळजी घ्यावी. ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते नाव आपल्याला वापरता येत नाही. ‘खोपट स्ट्रॉबेरी’वर अजून तरी कोणी हक्क सांगितलेला नाही. जव्हार-मोखाड्याकडेही स्ट्रॉबेरी पिकते, पण 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तिला ‘आमच्या ठाणे जिल्ह्यातली’ म्हणायची सोय उरली नाही.

फेब्रुवारी सरता सरता फळ बंद होतं आणि नेमक्या त्याच सुमारास पुण्याची नणंद ‘तुमची स्ट्रॉबेरी बघायला’ येते. अशा वेळी पूरक लागवडीचा अवलंब करावा. जांभळी नाक्यावरून एक पनेट आणावं. वरच्या थरातली टपोरी फळं मुकाट्याने खाऊन टाकावीत, ती खोपटात कोणाला पटणार नाहीत. विक्रेत्याने तळाशी लपवलेली बारकी, किंचित वाकडी फळं निवडावीत. बाजारच्या फळाचा देठ नखभरच असतो आणि हिरवी टोपी कोमेजून मागे वळलेली असते, म्हणून फळं अर्धा तास गार पाण्यात ठेवून टोपी टवटवीत करावी आणि हिरव्या दोऱ्याने रोपाच्या रिकाम्या देठाला बांधावीत. गाठ पानाखाली जाईल असं बघावं. एका रोपाला दोनच, लोभ नको. पाहुण्यांना लांबून दाखवावं, तोडावं मात्र घरच्यानेच. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी लग्नाच्या मांडवातली केळीची झाडं कुठे उगवली होती ते सांगावं.

मार्चपासून पाणी दुप्पट लागतं आणि ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायला लागतं. ‘ग्रिलमध्ये कुंड्या ठेवू नयेत’ अशी सूचना फळ्यावर लागली की हंगाम संपला असं बहुतेक जण धरून चालतात. उलट इथूनच पुढचा भाग सुरू होतो. याच सुमाराला रोप लांब दोऱ्यांसारखे रनर सोडतं. रनरच्या टोकाची पालवी शेजारच्या लहान कुंडीतल्या मातीवर केसांच्या पिनेने टेकवून ठेवावी. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरली की मधली दोरी कापावी. जूनमध्ये पाऊस पडला की मूळ रोप बहुधा सडणारच, त्याला पत्र्याखाली हलवून नशिबावर सोडावं.

तयार झालेलं पहिलं रोप स्वतःकडे ठेवू नये. ते खालच्या मजल्यावरच्या तक्रारदार काकांना, पेढ्यांच्या पुड्यासकट, सपत्नीक नेऊन द्यावं. ‘तुमचा हात चांगला आहे, तुमच्याकडे येईल,’ असं काकूंना सांगावं. काका ते ग्रिलमध्येच ठेवणार, कारण दुसरी जागा त्यांच्याकडेही नाही. डिसेंबरात ते ब्रश मागायला येतील, तो द्यावा. तोवर त्यांचं पाणी पहिल्या मजल्यावर गळत असेल आणि पुढच्या मीटिंगला फळ्यावरची सूचना काढून टाकण्याचा ठराव तेच मांडतील. आपण फक्त अनुमोदन द्यायचं.