कंसवाले काका

प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बीजगणितावर हात बसलेला, आणि आठवी ते दहावीच्या यच्चयावत पोरांवर हक्क. फी घेत नाहीत, त्यामुळे आईबापांना तक्रारीलाही जागा नाही.

काकांचा जीव एकाच प्रकारात अडकलेला : गट पाडून अवयव. सूत्रं घोकणारं पोर त्यांना बघवत नाही. "सूत्र कशाला हवं? डोळे दिलेत ना देवाने?" पोरं 'एक्स' म्हणतात, काका 'क्ष' म्हणतात आणि फारच रंगात आले तर भास्कराचार्यांचं 'यावत्तावत्' काढतात.

वहीवर ते स्वतःच्या हाताने लिहितात : क्ष³ + ३क्ष² − ४क्ष − १२. पहिल्या दोन पदांखाली पेन्सिलीने एक होडी, पुढच्या दोन पदांखाली दुसरी. पहिल्या होडीतून क्ष² सामाईक काढला, आत राहिलं (क्ष + ३). इथवर ठीक. दुसऱ्या होडीशी पोर गडबडतं आणि −४(क्ष − ३) लिहून मोकळं होतं. काका खुर्चीत सरसावून बसतात. खरं तर मघापासून ते याचीच वाट बघत असतात. "वजा बाहेर काढलास, मग आतलं चिन्ह बदलायला कोण येणार, तुझे आजोबा?" खोडरबर फिरतो, आत (क्ष + ३) येतं. दोन्ही कंस सारखे झालेले बघून काकांना मुलीची पत्रिका जुळल्याइतका आनंद होतो. उत्तर येतं (क्ष + ३)(क्ष² − ४). पोर वही मिटतं. "अरे, क्ष² − ४ काय तसाच सोडलास?" त्याचे (क्ष − २) आणि (क्ष + २) होईस्तोवर सुटका नाही. तोवर काकूंची भजी गार.

तीन पदं आली तरी काका डगमगत नाहीत. क्ष² + ७क्ष + १२ मधल्या ७क्ष चे ३क्ष आणि ४क्ष केले, की झाली चार पदं, काढा होड्या.

पोरंही कमी नाहीत. मॅच असली की एखादा मुद्दाम क्ष³ + ३क्ष² + ४क्ष + ५ घेऊन येतो. चार पदांच्या जोड्या लावायच्या रीती तीनच. तिन्ही करून कंस जुळत नाहीत, कारण याचे अवयव पडतच नाहीत. पण "पडत नाहीत" हे शब्द काकांच्या तोंडून निघता निघत नाहीत. तेवढ्यात खाली सहा षटकं उरकतात.

हे सगळं वहीपुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. मध्यंतरी सोसायटीकडे चार अर्ज आले : ए विंगचा पार्किंगबद्दल, ए विंगचा पाण्याबद्दल, बी विंगचा पार्किंगबद्दल, बी विंगचा पाण्याबद्दल. काकांनी एका अर्जाच्या पाठीवर लिहून दिलं : (ए + बी)(पार्किंग + पाणी). चाराचे दोन कंस! सेक्रेटरी खूश, सभा लवकर संपली, सामोसे वेळेवर मिळाले. मग बी विंगमधून कबुतरांबद्दल एक अर्ज आला. एकटाच. कंसात बसेना. शहाण्या माणसाने तो बाजूला ठेवला असता. काका मात्र गुडघे धरत ए विंगचे चार मजले चढले. "तुमच्याकडे कबुतरं येत नाहीत? नीट आठवा." शेवटी एका आजींनी "येतं बाई एखादं" म्हटलं, आणि काकांनी उभ्या उभ्या त्यांच्याकडून अर्जावर सही घेतली. कंस जुळला.

तेव्हा पोरांना काकांकडे खुशाल पाठवा. वजाचं चिन्ह जन्मभर चुकणार नाही. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री नको, आणि सेक्रेटरीपदासाठी मत देताना जरा विचार करा. यंदा काका उभे आहेत.