जरा बघतोस का?

पुण्यातल्या कलावंतांची मोजदाद आजवर कुणी केलेली नाही, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पासवर्ड एका वहीत असतात आणि ती वही साइटवाल्याकडे असते. त्याला खरं नाव असतं, व्हिजिटिंग कार्डावर त्या नावाखाली 'डिजिटल सोल्यूशन्स' असंही काहीतरी छापलेलं असतं. लोकांच्या फोनमध्ये मात्र तो 'साइटवाला' म्हणूनच सेव्ह असतो, रद्दीवाला आणि सुतार यांच्या मधोमध. फोनही साधारण तशाच सुरात येतो. "अरे, काहीतरी झालंय. जरा बघतोस का?"

नक्की काय झालंय हे सांगणारा क्लायंट अजून जन्माला यायचाय. 'साइट उडाली' म्हणजे साइट खरोखर उडालेली असते, किंवा एक फोटो दिसत नसतो, किंवा फोटो दिसत असतो पण तो आता आवडेनासा झालेला असतो, किंवा घरचं वायफाय बंद असतं. साइटवाला शांतपणे विचारतो, "ताई, यूट्यूब चालतंय का?" बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्यांना तो 'कॅशे क्लियर करा' असं सांगतो आणि तेवढ्या वेळात स्वतः लॅपटॉप उघडतो.

हा प्राणी कर्वेनगरात किंवा कोथरूडला राहतो. कधीकाळी हिंजवडीत नोकरीला होता. वाकडच्या पुलाखाली आयुष्य चाललंय हे लक्षात आल्यावर सोडली म्हणतो. ते खरंच आहे, पण आतली गोष्ट वेगळी. हा तबल्याच्या 'मध्यमा पूर्ण'पर्यंत पोचलेला आहे. विशारद राहिलं ते राहिलंच. त्यामुळे समोर कलावंत बसला की याच्या तोंडातून आकडा धड बाहेर पडत नाही. मनात पंचवीस हजार असतात, जिभेवर येईपर्यंत त्यांचे अठरा होतात आणि आतून पोहे आले की पंधरा.

त्याचं घर चालतं ते वर्डप्रेसवर. २००३ सालच्या मे महिन्यात मॅट मुलेनवेग हा टेक्ससमधला कॉलेजचा पोरगा आणि माइक लिटल हा इंग्लंडमधला प्रोग्रॅमर, या दोघांनी ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी म्हणून हे सॉफ्टवेअर बाहेर काढलं. आज जगातल्या दर पाच साइटींपैकी दोन तरी त्याच्यावर उभ्या आहेत. आणि ते फुकट आहे. साइटवाल्याच्या सांपत्तिक स्थितीचं मूळ या फुकटात आहे. "वर्डप्रेस फुकट असतं ना? मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" हे त्याला प्रत्येक क्लायंटच्या जावयाने विचारलेलं आहे. (क्लायंटला असले प्रश्न सुचत नाहीत, जावयांना सुचतात.) शिवाय वर्डप्रेस पाच मिनिटांत बसतं अशी त्याची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पाच मिनिटांत ते बसतं. पुढचे सहा महिने 'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर यायची वाट बघण्यात जातात.

कथकच्या ताईंचंच घ्या. साइट सुरू करायची ठरली गुढीपाडव्याला, मजकूर द्यायचा ठरला अक्षय्य तृतीयेला, आणि पहिला फोटो आला गणपतीत. तोही व्हॉट्सअॅपवरून, तिघींनी फॉरवर्ड केलेला, कुणाच्या तरी मंचप्रवेशाला चौथ्या रांगेतून काढलेला. त्यात ताईंपेक्षा समईवर जास्त उजेड. "यातली मी तेवढी मोठी कर, आणि मागची ती मुलगी काढून टाक. तिने क्लास सोडला."

मग गुरूंचा फोटो. गुरूंचा फोटो ताईंच्या फोटोपेक्षा लहान चालत नाही, आणि साइट गुरूंची वाटूनही चालत नाही. या दोन अटींच्या मधून वाट काढत साइटवाल्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी, एका मापाचे बसवले. ताई खूश झाल्या. संध्याकाळी त्यांनी तेच पान एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर पाहिलं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शेजारचे फोटो एकाखाली एक येतात, ही जगाची रीत ताईंना कुणी सांगितली नव्हती. रात्री साडेदहाला फोन. "अरे, मी वर आणि गुरुजी माझ्या पायाशी?"

साइट उघडली की घुंगरांचा आवाज यायला हवा, ही ताईंची आणखी एक जुनी इच्छा. आपणहून आवाज सुरू केलेला हल्लीचे ब्राउझर चालू देत नाहीत, परवानगी लागते, असं साइटवाल्याने समजावून सांगितलं. "मग काढ ना परवानगी. कुठे अर्ज करायचा, सांग." वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देतात, पहिली माइल्स डेव्हिसच्या नावाने निघाली, हे त्याने एकदा गप्पांच्या ओघात सांगितलं तर ताई म्हणाल्या, "आपल्याकडचं कुणी मिळालं नाही का त्यांना? बिरजू महाराजांचं सुचवून बघ." तेव्हापासून ताईंचा समज असा आहे, की याची तिकडे ओळख आहे आणि हा मुद्दाम सांगत नाही.

कवींचं काम दिसायला सोपं. फोटो एकच, आणि तो पंधरा वर्षांपूर्वीचा. मजकूर मात्र उदंड. आमच्या ओळखीच्या एका कवींनी साइटवर पहिली कविता टाकली तिचं शीर्षक होतं, 'सायंकाळी एकट्याने चहा पिताना आठवलेल्या काही गोष्टी'. इथे वर्डप्रेसचा एक बारकावा आड येतो. शीर्षकावरून ते पानाचा पत्ता आपोआप तयार करतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडला तर तोसुद्धा, त्या पत्त्यात नऊ चिन्हांची होते. आणि दोनशे चिन्हं भरली की वर्डप्रेस पत्ता तिथेच तोडतं. मराठीच्या वाट्याला जेमतेम बावीस खुणा येतात. कवीच्या पत्त्यात उरलं ते एवढंच: 'सायंकाळी-एकट्याने-चहा-पि'.

कवींचा फोन आला. साइटवाला सविस्तर खुलासा देण्याच्या तयारीत होता. कवींना कविता तुटल्याचं काही नव्हतं. म्हणाले, "आज्ञार्थ म्हणून चालून जाईल, आशयही धरून ठेवतोय. फक्त 'पी' दीर्घ करा."

पुढे हाच पत्ता त्यांनी व्हॉट्सअॅपवर मित्रांना पाठवला तेव्हा तिथे त्याची टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार अशी लांबलचक माळ झाली. एका समीक्षक मित्राने ती नवी प्रयोगशील रचना समजून दाद दिली, असं साइटवाला सांगतो. हे मात्र मी जसंच्या तसं घ्यायला तयार नाही.

कवींच्याच घरी डॉलीचं प्रकरण झालं. वर्डप्रेसबरोबर 'हॅलो डॉली' नावाचं एक छोटं प्लगइन आपसूक येत असे. लुई आर्मस्ट्राँगच्या गाण्याची एखादी ओळ कोपऱ्यात दाखवायची, एवढंच त्याचं काम. कवी लॉगिन उघडं ठेवून अंघोळीला गेले आणि वहिनींनी यादी वाचली. डॉली कोण, केव्हापासून, आणि तिला रोज हॅलो कशाला, याचा तासभर खुलासा साइटवाल्याने स्पीकरवरून केला. ते प्लगइन बंदच होतं, हा मुद्दा त्याने फार जोर देऊन मांडला. त्याच दिवशी त्याने पन्नासेक घरांतली डॉली काढून टाकली.

आणि 'संपर्क' या पानावरून येणारी पत्रं. तुमची साइट पाहून भारावलो, ती गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, अशी इंग्रजी पत्रं यंत्रं जगभर पाठवत असतात. कवींना त्यांच्यातलं पहिलं आलं तेव्हा त्यांनी पेढे आणले. परदेशात वाचक मिळाला. साइटवाल्याने पेढा खाल्ला आणि काही बोलला नाही. माझ्या मते त्याच्या स्वभावातली सगळी चांगली बाजू या एका न बोलण्यात आली.

छायाचित्रकाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तोही थोडक्यातच बोलतो. त्याला साइटवर शब्द नको असतात, मेनू नको असतो, पांढरी जागा हवी असते. वीस-वीस एमबीचा एकेक फोटो तो जसाच्या तसा चढवतो आणि साइट स्लो का, असं विचारतो. २५६० पिक्सेलच्या वरचे फोटो वर्डप्रेस दाखवण्यापुरते आपोआप लहान करतं, हे कळल्यापासून त्याचा यंत्रावरचा विश्वास उडाला आहे. एकदा अपडेटमध्ये दोन प्लगइनांचं भांडण लागून त्याची साइट पूर्ण पांढरी पडली. साइटवाला घाबरून रात्रभर जागा. सकाळी याचा मेसेज, "आता जमलंय."

दिवाळी अंकाचे संपादक ही ऋतूनुसार येणारी पीडा. वर्षभर साइट झोपलेली असते आणि भाद्रपदात संपादक जागे होतात. मजकूर येतो तो डीटीपीवाल्याकडून, पेजमेकरमधला, श्रीलिपीत टाइप केलेला. युनिकोडबाहेरच्या जुन्या फाँटमधला असा मजकूर नुसता चिकटवला की 'संपादकीय'च्या जागी कंस, डॉलर आणि अर्धविराम उमटतात. मग कन्व्हर्टर. कन्व्हर्टरमधून मजकूर बाहेर पडतो पण रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या'चं काय होईल सांगता येत नाही, आणि ज्येष्ठ लेखकाच्या नावातलं जोडाक्षर नेमकं फुटतं. साइटवाला धनत्रयोदशीच्या रात्री एकेक रफार उचलून जागेवर ठेवत बसतो. संपादक विचारतात, "ते कॉपी-पेस्ट झालं का?"

आता हा काही संत नाही. बिलाची तारीख सोडून दुसरी कुठलीही तारीख त्याला पाळता येत नाही, आणि बिलाचीही तो पाळतो असं नाही. 'सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे' हे वाक्य त्याने कुठून कुठे वापरलंय याला सीमा नाही. एकच थीम त्याने कथकच्या ताई, स्टुडिओत मडकी घडवणाऱ्या बाई आणि केकवाल्या काकू अशा तिघींना रंग बदलून दिलेली आहे, आणि या तिघी एका हळदीकुंकवाला भेटतील या धास्तीत तो संक्रांत काढतो. साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकतो आणि कुणी 'ते काढ' म्हटलं की दुखावतो. क्लायंटला चार गोष्टी शिकवल्या तर अर्धे फोन बंद होतील, हे त्याला कळतं. शिकवत नाही. फोन आले नाहीत तर त्याला करमत नाही, हे त्याच्या बायकोचं मत आणि ते विचार करण्यासारखं आहे.

पण त्याची खरी कोंडी कोटेशनच्या शेवटच्या ओळीत आहे. 'वार्षिक देखभाल' अशी ती ओळ असते, आणि क्लायंट ती पेनने खोडूनच कागद परत देतो. त्याच्या लेखी साइट ही दारावरची पाटी. एकदा ठोकली की झालं. प्रत्यक्षात पाटीखालची भिंत सारखी बदलत असते. होस्टिंगवाला पीएचपीची जुनी आवृत्ती बंद करतो, प्लगइन लिहिणारा कुठल्यातरी देशातला मुलगा कंटाळून ते सोडून देतो, जुन्या प्लगइनच्या फटीतून कुणीतरी शिरतं आणि ताईंच्या साइटवर रात्रीत औषधांच्या जाहिराती लागतात. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसने लिहायची चौकट मुळापासून बदलली, जिकडेतिकडे ठोकळे आले. तेव्हा क्लासिक एडिटर परत बसवून देण्यात साइटवाल्याचा नवीन वर्षाचा पहिला आठवडा गेला. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. कशाचे द्यायचे? साइट तर पूर्वीसारखीच दिसत होती.

ती पूर्वीसारखी दिसावी म्हणून तो रात्री बसतो. आधी बॅकअप. मग साइटची एक प्रत बाजूला काढून तिच्यावर अपडेट करून बघायचं. मग खऱ्या साइटवर, एकेक प्लगइन, आणि दर वेळी पान पुन्हा उघडून पाहायचं, की गुरुजी जागेवर आहेत ना. असे चाळीस-पन्नास गुरुजी. काही झालं नाही तर कुणाला काही कळत नाही, आणि काही झालं तर सकाळी सातला फोन येतो.

मोबदला वस्तुरूपात बराच मिळतो. कविता-संग्रह सहीनिशी, कार्यक्रमाचे पास, दिवाळी अंकाचा गठ्ठा आणि घरातल्या माणसांच्या चौपट मातीचे मग. पासवर तो जातो. दुसऱ्या रांगेत बसतो आणि तबलजी सम चुकला की एकटाच मान हलवतो.

एक प्रकार मात्र त्याच्याही हाताबाहेरचा आहे. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, पुष्कळांनी पहिल्यांदा भाच्याकडून घेतलेलं असतं, भाच्याच्या ईमेलवर, भाच्याच्या कार्डाने. भाचा पुढे जर्मनीला जातो, तो ईमेल बंद करतो आणि रिन्यूअलच्या सूचना तिथे साचत राहतात. मुदत संपल्यावर डॉटकॉम नाव लगेच जात नाही. काही दिवस नेहमीच्या दराने आणि त्यापुढे महिनाभर दंड भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ते बाजारात कुणालाही मिळतं, आणि तिथे साइटवालाही तुमच्याइतकाच परका असतो. तेव्हा तुम्ही नाचत, लिहीत, मडकी घडवत असाल तर आज एवढं करा: डोमेन कुणाच्या नावावर आणि कुठल्या ईमेलवर आहे ते बघून घ्या. कुठे बघायचं हे विचारायला त्यालाच फोन करावा लागेल. केलात, की आधी गेल्या वर्षीच्या देखभालीचे पैसे पाठवल्याचं सांगा, आणि मग म्हणा, जरा बघतोस का.