भानोळं: कृती, नियम आणि पोटनियम

भानोळं सीकेपींच्या घरात होतं आणि पाठारे प्रभूंच्याही घरात होतं, आणि दोन्हीकडे ते मूळचं आपलंच अशी खात्री असते. काही घरांत त्याला भानोलं म्हणतात. कोळंबी, बारीक चिरलेला कोबी आणि बेसन कालवायचं, पातेल्यात थापायचं, वर-खाली आच देऊन भाजायचं, वड्या पाडायच्या आणि वरणभाताशी खायच्या. एवढंच. हे एवढंच समजायला मला बावीस वर्षं लागली, त्याचं कारण आमची आत्या.

आत्या कृती विचारणाऱ्याला कधी नाही म्हणत नाही. हातातलं काम टाकून, पदराला हात पुसून, अगदी मन लावून सांगते. फक्त दर वेळी एक जिन्नस गाळते. पहिल्या वर्षी तिने मोहन गाळलं. माझ्या त्या भानोळ्याला सुरी लागेना. शेवटी बत्ता आणला. पुढच्या खेपेला कोबीला मीठ लावून ठेवायचं गाळलं, तेव्हा ते वाटीत वाढावं लागलं. जाब विचारला की तिचं उत्तर ठरलेलं: "अगबाई, ते राहिलं का सांगायचं? पण ते तर कुणालाही ठाऊक असतं रे."

तर जे कुणालाही ठाऊक असतं, ते पाळत ठेवून, उलटतपासणी करून आणि आत्याच्या जाऊबाईंना फितवून मिळवलेलं खाली देत आहे.

नियम १. वार. भानोळं हा रोजच्या जेवणातला साधा पदार्थ आहे. आता रोज म्हणजे कधी, ते पाहू. सोमवार, गुरुवार, शनिवार बाद. मंगळवार घरातल्या गणपतीभक्तांच्या संख्येवर. संकष्टी आणि एकादशी आल्या वारी वजा. श्रावण सबंध वजा. त्याच्या आधी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, तेव्हा ताजी कोळंबी कमी आणि भाव चढा. त्या दिवसांत सोडे वापरावेत; कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, दोनदा धुऊन. म्हणजे उरलेल्या महिन्यांतले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, एवढा आमचा रोज.

नियम २. कोळंबी. मध्यम घ्यावी. मोठी कोळंबी भानोळ्यात घालणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं, आणि अगदी बारीक घेतली तर ती बेसनात हरवते. डोकं धडाला घट्ट हवं, कवचाला चकाकी हवी, वास समुद्राचा हवा. नाकाला झोंबणारा वास आला तर पुढच्या टोपलीकडे वळावं. अर्धा किलो घेतली की सोलून पावकिलोच्या आसपास हाती लागते, हे घरातून निघतानाच मनाशी धरावं, नाहीतर सोलताना आपल्याला कुणीतरी फसवलं असं वाटत राहतं. पाठीतला काळा दोरा काढावाच. आत्या तो सुईच्या टोकाने, चष्मा कपाळावर चढवून, एकेका कोळंबीचा काढते आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नाही. मीही हल्ली बोलत नाही.

पोटनियम: कोळणीशी घासाघीस करावी, पण जपून. मी एकदा वाट्याचे वीस रुपये कमी करून घेतले. तिने हसत हसत वाटा पिशवीत ओतला. घरी येऊन पाहिलं तर वर होती ती कोळंबी आणि खाली होती ती तिची नातवंडं.

नियम ३. मीठ बेताने. कोळंबीला स्वतःचं असतं.

नियम ४. पाणी. इथे माणसं बुडतात. पावकिलो कोबी केसासारखा बारीक चिरावा, मीठ चोळून दहा मिनिटं बाजूला ठेवावा. त्यात कोळंबी, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, तिखट, थोडा गरम मसाला, मूठभर कोथिंबीर. मग मावेल तेवढं बेसन, साधारण दीड वाटी. हे कालवताना ते कोरडं दिसतं. दिसू द्यावं. हात तांब्याकडे जातो; त्याला आवरावं. कोबीलाही पाणी सुटतं, कोळंबीलाही सुटतं, आणि ते दोघं मिळून पाच मिनिटांत तुमचा हिशेब पुरा करतात. मिश्रण हातातून गोळ्याने पडावं, वाहू नये. शेवटी तीन-चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. (हेच ते. कुणालाही ठाऊक असलेलं.)

नियम ५. ओव्हन. आधी रिकामा करावा. आमच्या ओव्हनमधून या खेपेला निघालेला ऐवज: दांडा तुटलेले दोन तवे, ढोकळ्याचं भांडं, झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं आणि त्याच ओव्हनचं मुदत संपलेलं वॉरंटी कार्ड. हे सगळं ओट्यावर मांडलं की भानोळं थापायला जागा उरत नाही, म्हणून ते गादीवर मांडावं आणि घरच्यांनी पाहायच्या आत परत भरावं. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं.

नियम ६ रद्द केला आहे. तो पाहुण्यांविषयी होता.

आत्याकडे ओव्हन कधीच नव्हता. लहानपणी तिच्या घरी मी पाहिलंय ते असं: जाड बुडाचं पितळी पातेलं शेगडीवर, वर खोलगट झाकण आणि त्या झाकणात धगधगीत निखारे. ती चिमट्याने एकेक निखारा इकडचा तिकडे सरकवायची, जिकडून वास कमी येतो तिकडे. ओव्हनला असं नाक नसतं. तरी आच दोन्हीकडून लागते हे खरं, आणि जमेल तितकं जमतं. पूर्ण निवल्याशिवाय मात्र वड्या पाडू नयेत. मी दर वेळी पाडतो आणि दर वेळी भुगा होतो. भुगा उभ्याउभ्या फार चांगला लागतो.

नियम ७. तळाचा खरपूस थर. आत्याच्या भानोळ्याचा तळ कुरकुरीत असतो, माझा कधीच नव्हता. "त्यात तांदळाचं पीठ असतं का गं?" असं मी तिला निदान दहा वर्षं विचारतोय. तिचं उत्तर: "छे रे, नुसतं बेसन. आच लागते हाताला, दुसरं काय!" जाऊबाईसुद्धा या मुद्द्यावर फुटल्या नाहीत. गेल्या शुक्रवारी मी कुणाला न विचारता अर्धी वाटी तांदळाचं पीठ घातलं. तळ धरला. चांगला धरला.

चार वड्या डब्यात घालून तिच्याकडे नेल्या. आता तिला ऐंशी उलटली आहेत, दोन दात कमी आहेत. तिने एक वडी मोडली, तळ बोटाने टिचकी मारून पाहिला, हळूहळू चावली. पाणी प्यायली. मग दुसरी घेतली.

"बरं झालंय," ती म्हणाली. "पण तांदळाचं पीठ दोनच चमचे घालायचं असतं रे."