विषय : महाशीर माशास प्रकल्पग्रस्त दाखला मिळणेबाबत

महाराष्ट्रात धरणाखाली ज्याचं घर, शेत किंवा अख्खं गाव जातं त्याला प्रकल्पग्रस्त म्हणतात. त्याला दाखला मिळतो, दाखल्यावर सरकारी नोकरीत आरक्षण मिळतं, आणि नोकरीचा कॉल येईपर्यंत वयोमर्यादा उलटून जाते. व्यवस्था चोख आहे. तिच्या यादीत एक नाव मात्र राहून गेलं, कारण त्या अर्जदाराला सही येत नाही आणि अंगठा उठवायला अंगठा नाही. म्हणून तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनवीसाचं काम आज मी पत्करलं आहे. अर्जदाराचं नाव महाशीर, राहणार मुळा-मुठा, जिल्हा पुणे.

पहिला कागद रहिवासाचा. आपल्याकडे अधिवास दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्जदाराकडे 1839 सालचा पुरावा आहे, तोही साहेबाच्या हातचा. मुंबई सरकारच्या नोकरीतले कर्नल सायक्स दख्खनची मोजदाद करत हिंडत होते. पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात हा मासा त्यांना मिळाला आणि त्यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नदीचं नाव त्यांनी ‘मोटा मोला’ असं लिहिलं आहे. सरकारी कागदावर पत्ता चुकण्याची परंपरा तेव्हाचीच, असं समजून ते सोडून द्यावं. माशाला नाव मात्र त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचंच दिलं, खुदरी. आजही जगातल्या कुठल्याही ग्रंथात हा मासा त्याच नावाने सापडतो आणि त्याचं मूळ ठिकाण म्हणून पुण्याचा उल्लेख येतो. सदाशिव पेठेत सात पिढ्या काढलेल्यांनीही इतका भक्कम कागद दाखवून द्यावा.

दुसरा कागद नुकसानीच्या पंचनाम्याचा. अर्जदाराचं पोट आणि वंश दोन्ही प्रवासावर चालतं. उन्हाळा खोल डोहात काढायचा, पहिल्या पुरासरशी प्रवाहाविरुद्ध निघायचं, वरच्या ओढ्यांतलं खळाळतं, स्वच्छ, गोट्यांचं पाणी गाठायचं, तिथे अंडी घालायची आणि पाणी ओसरायच्या आत परत डोहात यायचं. आषाढी वारीला वारकरी निघावेत तसा हा नेम. कोकणात आणि मावळात नदीकाठच्या दहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. चढणीचे मासे, वलगण हे शब्द त्याच्या कानावर असतात, आणि पहिल्या पावसात बाप कंदील नि जाळं घेऊन कुठे गेलाय हेही त्याला कळतं. पाटबंधाऱ्याच्या नकाशावर मात्र नदी वरून खाली येते एवढंच दाखवलेलं असतं. खालून वर कुणी जात असेल, ही शक्यता संकल्पचित्र मंडळाच्या टेबलावर कधी आलीच नाही.

1879 मध्ये खडकवासला धरण पूर्ण झालं आणि मुठेतून वर जाणारी वाट बंद झाली. मुळेची वाट मुळशीने बंद केली. त्या धरणाविरुद्ध 1921 पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरीही धरण उभं राहिलं. जिथे चालत्या-बोलत्या माणसांचं कुणी ऐकलं नाही, तिथे मुक्या जिवाची हरकत कोण नोंदवून घेणार? पुढे मुठेच्या खोऱ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणं झाली. खाली भीमेवर 1980 मध्ये उजनी झालं. वरच्या दाराला कुलूप, खालच्या दाराला कुलूप, आणि मधल्या खोलीत पुणे शहर. मुठा उन्हाळ्यातही वाहती ठेवण्याचं श्रेय आज प्रामुख्याने पुणेकरांच्या सांडपाण्याला जातं. त्यात कोण तग धरून राहतो ते पुणेकरांनी पुलावर नाक दाबून पाहावं.

तिसरा रकाना अवघड आहे. ‘अर्जदाराने यापूर्वी कोणताही शासकीय अथवा खासगी लाभ घेतला आहे काय?’ खोटं लिहिता येत नाही. घेतला आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकात महाशीरचं बीज तयार करणारं केंद्र सुरू केलं. काम मन लावून झालं, लाखो पिल्लं तयार झाली, आणि मागेल त्या राज्याला, मागेल त्या नदीसाठी वाटली गेली. त्यातली काही कावेरीत गेली. आता कावेरीत आधीपासून एक घरमालक होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा अजस्र महाशीर. गळ टाकून बसणाऱ्या साहेबांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच्यासाठी कावेरीवर तळ ठोकून होत्या, पण तो नेमका कुठल्या जातीचा हे शास्त्राने 2018 मध्ये ठरवलं. तोवर आमचा पुणेकर तिथे चांगलाच स्थिरावला होता आणि कुबडवाला दिसेनासा होऊ लागला होता. आज तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. एका विस्थापिताचं पुनर्वसन करताना दुसरा विस्थापित तयार करायचा, या आपल्या लौकिकाला इथेही बट्टा लागलेला नाही.

त्या पुनर्वसनाचं फळ म्हणून अर्जदाराचं स्वतःचं नाव जागतिक लाल यादीतल्या संकटग्रस्तांतून निघून ‘फारशी चिंता नाही’ या रकान्यात गेलं. कार्यालयात आता कुणीही हसून सांगेल, तुमच्या अशिलाला काही झालेलंच नाही, कशाला हेलपाटे घालता? उत्तर एवढंच, की मासा तलावात जगला, नदीत हरवला. पिंपातून ट्रकने नदीत सोडलेल्या माशाने वलगण करावी ही अपेक्षा, वाट न उघडता, फार तर भाषणात शोभते. शिवाय सोबत सहअर्जदार आहेत. कपाळावर शिंगासारखा उंचवटा असलेला कृष्णा खोऱ्यातला नुक्ता आजही संकटग्रस्त आहे, आणि त्याच्यासाठी कुणी बीजकेंद्रही काढलेलं नाही.

हा पंचनामा साहेबांपुढे ठेवला की ते खुर्चीत मागे रेलून म्हणतात, ‘शिडी बांधून टाकू.’ मत्स्यशिडी ही गोष्ट खरी आहे. धरणाच्या बाजूने पायऱ्यापायऱ्यांची छोटी कुंडं काढायची, त्यांतून पाणी खेळतं ठेवायचं, मासा एकेक कुंड चढत वर जातो. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बोनव्हिल धरणावर 1938 पासून अशा शिड्या आहेत, आणि तिथे काचेमागे बसून वर जाणारे मासे मोजणारी पगारी माणसं आहेत. आपल्या धरणावर पगारी माणूस टीएमसी मोजतो. पण ती शिडी सामन माशाच्या अंगच्या ताकदीवर बेतलेली आहे. सामन उड्या मारतो. समुद्रातून आपल्या नद्यांत चढणारा हिलसा उडी मारत नाही. आणि शिडी चढून गेलेल्या माशाला वर काय मिळतं? मैलोन् मैल उभं पाणी. प्रवाह हाच ज्याचा रस्ता दाखवणारा, त्याला तिथे पुढे कुठे जायचं हेच कळत नाही. पानशेतएवढ्या उंच धरणाला शिडी लावणं हे फीत कापण्यापुरतं छान दिसेल, खालच्या माशाचा तिथे फारसा संबंध राहणार नाही.

हिलशाचा विषय निघालाच आहे तर फरक्क्याचं प्रकरण दाखला म्हणून जोडतो. 1975 मध्ये गंगेवर फरक्का बंधारा सुरू झाला, कोलकाता बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून. त्याआधी समुद्रातून निघालेला हिलसा पार अलाहाबाद, आग्र्यापर्यंत जात असे. बंधारा झाल्यावर त्याची पुढची तिकिटं रद्द झाली. चार दशकांनी, 2019 च्या सुमारास, जहाजांसाठीचं तिथलं कुलूपद्वार नव्याने बांधताना हिलशासाठीही वाट ठेवायची योजना जाहीर झाली. त्यात दारं मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत काही तास उचलून ठेवायची असं ठरलं. म्हणजे दिवसा जहाजं, रात्रपाळीला मासे. या योजनेची कुणी थट्टा करू नये. माशाच्या वेळापत्रकाचा विचार कुणीतरी फाइलवर घेतला, हेच मोठं. गोदावरीच्या मुखाकडे तर लोक मंगळसूत्र विकून पुलसा खावी म्हणतात. ती पुलसा म्हणजे हाच हिलसा. तिथे आर्थर कॉटन यांनी 1852 मध्ये पुरं केलेल्या धवलेश्वरम बंधाऱ्यापाशी, आणि आता त्याजागी असलेल्या नव्या बराजपाशी, तिची वाट अडते. मंगळसूत्र विकायची तयारी असलेल्या लोकांनाही दरवाजा उघडून घेता आलेला नाही.

आता सगळ्यात मोठी हरकत, जी कुठल्याही सभेत टाळ्या घेते. मासा मोठा की शेतकरी? हा प्रश्न विचारणारा बहुधा कालव्याच्या तोंडाशी राहतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्याकडे पाणीही येत नाही आणि मासाही. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, रब्बीची आवर्तनं किती, उन्हाळी किती यावर भांडणं होतात, पिण्याच्या पाण्याचं आरक्षण ठरतं, कारखान्यांचं ठरतं, उसाचं वेगळं ठरवायची गरज पडत नाही. नदीचं आवर्तन किती, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. देशात सर्वाधिक मोठी धरणं आपल्या राज्यात आहेत. तरीही 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांतल्या सिंचनवाढीचा आकडा 0.1 टक्का दिसला आणि त्यावर सत्तर हजार कोटींचा गदारोळ झाला. ते पैसे माशांनी खाल्ले असा आरोप अजून कुणी केलेला नाही, ही अर्जदाराची जमेची बाजू.

उजनी एखाद्या उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली जातं, तेव्हा मृतसाठ्यातलं जे पाणी उपसलं जातं त्यात शेतकऱ्याची निकड असते हे खरंच. पण त्याच धरणात आज बाजार भरवण्याएवढा मासा सापडतो, तो बहुतेक चिलापी, आफ्रिकेतून आलेला. भिगवणला थांबून ताट मागवणाऱ्याला काही कमी पडत नाही. भीमेचं पाणी भीमेच्या माशांना कमी पडलं, परदेशी पाहुण्याला मात्र मानवलं. पाहुणा साधा, उभ्या पाण्यात सुखी, चढणीचा हट्ट नाही. जलसंपदा विभागाला असाच मासा हवा होता.

आता मागणी. अर्जदाराला धरण फोडायचं नाही. खडकवासला आणि पानशेत फुटल्यावर काय होतं हे पुण्याने 12 जुलै 1961 ला पाहिलं आहे. अर्जदार तोडगाही परदेशातून आणत नाही, कारण तो कोल्हापुरात तयार आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे असतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा घालायचे असतात. बर्गे निघाले की नदी मोकळी होते, नेमकी त्याच महिन्यांत ज्यांत मासा वर जातो. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांच्या मनात मासा होता की नाही, देव जाणे. पण शेतकऱ्याला हिवाळ्यात पाणी, नदीला पुरात वाट आणि माशाला चढण, असं तिघांचं पोट भरणारं बांधकाम आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या उभं आहे. त्याची वाट लागते ती तीनच कारणांनी. बर्गे वेळेवर निघत नाहीत, निघाले तर चोरीला जातात, आणि चोरीला गेल्यावर त्या जागी उंच, पक्क्या दारांचं काहीतरी बांधायचं अंदाजपत्रक तयार असतं.

देवांनीही आपल्या परीने तरतूद केली आहे. वाड्याजवळ तिळसेश्वरापाशी वैतरणेत आणि महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात महाशीर आजही माणसाच्या हातून खातात, कारण तिथला मासा देवाचा म्हणून कुणी मारत नाही. कुठल्याही पर्यावरण मंजुरीशिवाय चाललेली ही अभयारण्यं आहेत. बाकी नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये सर्व राज्यांना उन्हाळ्यातल्या सरासरी प्रवाहाच्या पंधरा ते वीस टक्के पाणी नदीत ठेवायला सांगितलं. देवाला घाबरणारी गावं आहेत, लवादाला घाबरणारी खाती अजून सापडायची आहेत.

तरी अर्जात चार ओळी लिहून सही मोकळी ठेवतो. उंच धरणांच्या वरचे जे ओढे अजून अडवले गेले नाहीत, ते अडवू नयेत. नदीतले बंधारे जूनआधी खरोखर मोकळे करावेत आणि नवा बंधारा बांधताना बाजूने माशाची वाट संकल्पचित्रातच काढावी, उद्घाटनानंतर आठवण म्हणून काढू नये. कालवा समितीच्या यादीत ऊस, कारखाना आणि शहर यांच्याबरोबर नदीच्या नावाचा एक रकाना असावा. आणि तलावात बीज सोडताना ते कुठल्या खोऱ्याचं आहे हे आधी बघावं.

पाचवी ओळ शासनासाठी नाही, ती वाचकासाठी आहे. पहिल्या पावसात ओढ्याला वर निघालेला, पोटात अंडी असलेला मासा जाळ्यात घेऊ नका. चढणीचा मासा चविष्ट असतो हे खरं, पण तेवढे दोन-तीन आठवडे सोडले तर वर्षभर चिलापी भरपूर आहे, आणि तिची कुणालाच फारशी चिंता नाही.