सोंडेत नाक शोधणारा कॅमेरा

भाचीला जुना डिजिटल कॅमेरा हवा झालाय. मोबाइलमधले फोटो फार स्वच्छ येतात, ही तिची तक्रार. कॉलेजात सध्या 2008 च्या सुमाराचे, खिशात मावणारे ‘डिजिकॅम’ मिरवायची टूम आहे. एक टचस्क्रीनवाला स्वस्तात मिळतोय म्हणाली. “मामा, तू पेण-रोह्याला चाललायसच, तर वापरून बघ आणि घेऊ का ते सांग.”

दिवा-रोहा गाडीत खिडकी मिळाली, तशी परीक्षा सुरू केली. या कॅमेऱ्याच्या पाठीवर नुसता पडदा. डोळा लावायची खिडकी नाही, अंगठा टेकवायला मोकळी जागा नाही. धरायला जावं तर काहीतरी उघडतं. आपटा येईपर्यंत त्याची भाषा पोर्तुगीज झाली होती. शेजारचे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, “मग कोर्लईला जा. तिथे अजून बोलतात तसलं काहीतरी.” (खरंच बोलतात. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या त्या गावात पोर्तुगीजांपासून उरलेली बोली आजही घराघरात आहे.) त्यांनीच मग नखाने टोचून टोचून इंग्रजी परत आणली.

नखाने जमलं, यातच या पडद्याची जात कळली. मोबाइलचा पडदा बोटाच्या कातडीतून वीज वाहते म्हणून स्पर्श ओळखतो. हा जुन्या वाणाचा. याच्यात दोन पातळ थर असतात, दाबून ते एकमेकांना टेकवले तरच याला कळतं. आणि जोरात दाबलं की कॅमेराच हलतो. मोबाइलसारखं पडद्यावर टिचकी मारून फोटो काढायची सोय यात आहे, आणि तसा काढलेला प्रत्येक फोटो हललेला. हमरापूर स्टेशनाची पाटी मला तीनदा वाचावी लागली, ती पाटीत दोष होता म्हणून नव्हे.

पेणला पाऊस रपरपत होता. गणपतीचे दिवस जवळ आलेले, त्यामुळे मूर्तींच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. पाटावर, फळीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर गणपती. काही पांढरेफटक, काही पिवळ्या पितांबरात, आणि एका कोपऱ्यात मुकुटाविना ताटकळलेले. पेणच्या मूर्तींना आता भौगोलिक मानांकनही आहे, पण कारखान्यात त्याची चर्चा नव्हती. चर्चा होती ती रंग वाळत नसल्याची.

या कॅमेऱ्याला चेहरा ओळखता येतो, असं भाचीने बजावून सांगितलं होतं. चेहरा दिसला की पडद्यावर पिवळी चौकट पडते. डोळ्यांचा पट्टा गडद आणि खाली गाल उजळ, अशा छायाप्रकाशावरून हे यंत्र चेहरा ताडतं. मी तो गणपतींच्या अख्ख्या रांगेवर धरला. चौकट फिरफिर फिरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईवर जाऊन बसली.

“सोंडेत नाक शोधतोय तो,” आखणी करणारे काका मान वर न करता म्हणाले.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. कारखान्यात रंग बरेच जण देतात, आखणीला मात्र ठरावीकच हात बसतात. काकांनी श्वास धरला, कुंचल्याच्या टोकाने पापणीची रेघ ओढली, बुबुळ भरलं, त्यात पांढरा ठिपका ठेवला आणि गणपती माझ्याकडे बघू लागला. तोच डोळा नेमका टिपावा म्हणून मी पडद्यावर बोट दाबलं. पावसाने ओलं बोट घसरलं आणि मुकुट स्पष्ट आला. काकांच्या हाताला रंग. त्यांनी कुंचला उलटा केला, दांड्याचं टोक पडद्यातल्या बुबुळावर हलकेच टेकवलं. बीप. मग मी वरचं बटण दाबलं. फोटो असा आला, की ठिपक्याचा ओला उंचवटासुद्धा दिसावा. जवळचं टिपण्यात हा कॅमेरा पक्का आहे, हे लिहून ठेवलं. सोबत कुंचला लागेल, हेही.

रोह्यात ऊन पडलं. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पडद्याची हद्दही इथेच संपली. कुंडलिकेच्या काठी भर उन्हात त्यात फक्त माझं कपाळ दिसत होतं. इथल्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात तो सोहळा दसऱ्यानंतरचा, तेव्हा तोही हुकलेला. मग घाटावर बसलेल्या आजोबांना विचारून कॅमेरा ‘हसऱ्या चेहऱ्या’वर लावला. यात समोरचा हसला, की फोटो आपोआप निघतो.

आजोबांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली आणि फोटोत करतात तसा गंभीर चेहरा केला. कॅमेरा थांबला. आजोबाही थांबले.

“आजोबा, जरा हसा.”

“फोटोत कशाला हसायचं? काढा तुम्ही.”

“तो हसल्याशिवाय काढत नाही.”

“कोण तो?”

यावर मागे उभा असलेला नातू खो खो हसला आणि खटकन फोटो निघाला. त्यात नातवाचे सगळे दात आणि आजोबांचा अर्धा कान. आजोबांनी हाताची सावली धरून तो बराच वेळ न्याहाळला. मग विचारलं, “याला पैसे दिलेत?”

“अजून नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, आणि तेव्हा कुठे हसले.