पाच रुपयांत गुपित

दिवाळीच्या सुट्टीआधी हडपसरमधल्या एका शाळेत मुलांसाठी बाजार भरतो. एरवीच्या बालआनंद मेळाव्यात मुलं भेळ-सरबत विकतात आणि आईबाप कौतुकाने विकत घेतात. इथे सगळं उलटं. गिऱ्हाईक फक्त मुलं. घरच्यांसाठी पाडव्याची, भाऊबीजेची भेट स्वतः निवडायची, साठवलेल्या पैशांतून घ्यायची. पन्नास रुपयांवरची वस्तू ठेवायची नाही. पणत्या, उटण्याच्या पुड्या, टिकल्यांची पाकिटं, रुमाल, लाकडी पळ्या. पालकांना आत मज्जाव. वस्तू बांधून देणाऱ्यांना तेवढी मुभा, म्हणून कात्री आणि चिकटपट्टी घेऊन मी एका बाकामागे बसले होते.

दर पाच रुपये. फलक लावून झाला नाही तोच घासाघीस सुरू. ‘‘काकू, पणत्याच दहाच्या आहेत, कागदाला पाच?’’ दुसरा म्हणाला, ‘‘रिबन नको, तीनमध्ये करा.’’ गाडीतळाजवळच्या मंडईत आईचं बोट धरून फिरलेली ही पोरं. त्यांच्यापुढे माझा काय निभाव लागणार? हडपसरला माउलींची पालखी सासवडकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे वळते, तशी आमची रांगही एका प्रश्नापाशी दुभंगायची. किमतीची चिठ्ठी काढायची की ठेवायची? एक पंथ म्हणे, काढा. दुसरा म्हणे, राहू द्या, आईला कळू दे चाळीसचं आहे ते.

एका मुलाने आजीसाठी लाटणं आणलं. ‘‘आत काय आहे ते कळायला नको.’’ आता लाटण्याला कितीही कागद गुंडाळा, ते लाटणंच दिसतं. मी दोन्ही टोकांना कागदाचे बोळे लावले. रिबन बांधलेलं लाटणं झालं. शेवटी कोपऱ्यात पडलेला बुटांचा रिकामा खोका त्यानेच शोधून आणला. ‘‘आजीला वाटेल बूट आहेत!’’ आजी बूट घालते का, असं मी विचारलं. ‘‘नाही ना,’’ तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की त्या खोक्याला मी पदरची रिबन लावली.

त्याच्यामागे भाऊ-बहीण एकत्रच उभे होते. भाऊबीजेची क्लिप बहिणीदेखत बांधायची होती. तिने भावाच्या हुकमावरून डोळे झाकले, बोटांत व्यवस्थित फटी ठेवून. ‘‘गुलाबी कागद,’’ तिने त्या फटींमधूनच सुचवलं.

मोठ्यांच्या जगात ही लपवालपवी नसते. आपल्याकडे देणं म्हणजे चारचौघांतला कारभार. रुखवत मांडायचं आणि पाहुण्यांना फिरवून दाखवायचं. आहेर वहीत नोंदायचा. कुठे कुठे तो माइकवरून नावानिशी पुकारलाही जातो. ओवाळणी तबकात पडते ती सगळ्यांदेखत, आणि नोटेचा रंग पलीकडच्या आत्यालाही दिसतो. पाकीट आलं, तर त्यावर रुपयाचं नाणं चिकटवून निदान तेवढा एक रुपया तरी आपण उघड्यावर ठेवला.

बांधायची कला आपल्याला नव्हती असं नाही. वाणी वर टांगलेल्या रिळातून दोरा ओढायचा, पुडीला चार वेढे द्यायचा आणि हिसक्याने तोडायचा. जूनमध्ये घराघरांत वह्या-पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं चढतात, कोपरे नीट मोडून. पण या बांधण्यात हेतू साधा: सांडू नये, मळू नये. आतली वस्तू माहीत असू नये म्हणून बांधायची, हा खटाटोप नवा. पोरांनी मात्र तो असा उचलला की भेट दुय्यम आणि गुपित मुख्य.

तसा हा रंगीत कागद जगालाही फार जुना नाही. १९१७ च्या नाताळात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला साधा पातळ कागद संपला. त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचा, फ्रान्सहून आलेला नक्षीचा कागद दहा सेंटला एक असा मांडला आणि तो हातोहात खपला. पारदर्शक चिकटपट्टी तर आली १९३० मध्ये. म्हणजे हॉल बंधूंच्या गिऱ्हाइकांना चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत बसण्याचा आनंदही मिळाला नाही.

आमचाही कागद भर बाजारात संपला. बोहरी आळीतून आणलेला तो चकचकीत माल. मुठीत चुरगळून सोडला की आपोआप उलगडणारा, म्हणजे आत प्लॅस्टिक असलेला, त्यामुळे पुढे रद्दीलाही न चालणारा. त्याच्या जाण्याचं मला दुःख नव्हतं. फ्रान्सहून आलेलं काही शाळेत नसल्याने बाईंनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठवला. रांगेत नाराजी पसरली. ‘‘याचेपण पाच?’’ दर दोनवर आणला, तरी तोंडं वाकडीच.

मग एका मुलीने बाबांच्या रुमालासाठी क्रिकेटचं पान मागितलं, आणि बाजार पुन्हा उसळला. आईला पाककृतींचं, ताईला सिनेमाचं, आत्याला राशिभविष्याचं, तेही तूळ रास वर येईल असं. गठ्ठा उपसता उपसता माझे हात काळे झाले. एक चिमुरडा आजोबांच्या चष्म्याचं घर घेऊन आला आणि नेमकं निधनवार्तांचं पान ओढू लागला. मी घाईघाईने ते मागे घेतलं; अरे, सणासुदीला हे कसं द्यायचं?

‘‘द्या हो काकू,’’ तो म्हणाला, ‘‘ते पहिलं हेच पान वाचतात. फक्त आजचं आहे ना बघा, जुनं त्यांना चालत नाही.’’