अप्पांना शुगर निघते

आमच्याकडे कुणाला मधुमेह होत नाही, शुगर 'निघते'. विहिरीला पाणी निघावं, तलाठ्याकडून सात-बारा निघावा, तशी. अप्पांना ती आतापर्यंत अकरा वेळा निघाली आहे.

कशेळ्याला निघाली, कडावला निघाली, नेरळला दोनदा निघाली. एकदा कर्जतहून खोपोलीची गाडी धरून लौजीला उतरले, तिथे निघाली. चौकला मात्र एकशे अडतीसच भरली, तेव्हा परतीच्या एसटीत कुणाशी बोलले नाहीत. "मशीनचा सेल उतरला होता," एवढंच दुसऱ्या दिवशी म्हणाले.

अप्पा म्हणजे कुणी एकच गृहस्थ असं समजू नका. कर्जत-खालापुरात कुठेही आरोग्य शिबिराचा मांडव पडला की मुंबईची गाडी यायच्या आत पहिल्या खुर्चीवर जो बसलेला असतो, तो अप्पा. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे दादूस. मी निवृत्त शिक्षक. अक्षर बरं आहे म्हणून सगळे मला नोंदणीच्या टेबलावर बसवतात, त्यामुळे असे चार-पाच अप्पा माझ्या वहीतून गेलेत. पुढचा मजकूर त्या सगळ्यांचा मिळून आहे. एकेकट्याला तो जड झाला असता.

नोंदणीच्या वहीत एक रकाना असतो, 'तक्रार'. बाकीची माणसं तिथे अडखळतात. गुडघा म्हणतात, मग लाजून कंबर म्हणतात. अप्पा खुर्ची पुढे ओढतात आणि सांगतात, "सगलं लिवा गुरुजी. डोले, बीपी, शुगर, आनि मना रातचं चार वेला उठाय लागतं, ता पन लिवा." आमच्या पट्ट्यात ळ फारसा कुणाच्या वाट्याला येत नाही. खोपोलीच्या वाटेवरच्या केळवली आणि डोळवली या स्टेशनांची नावं अप्पा रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर असतात तशी उच्चारतात, आणि चाळीस वर्षं मी शाळेत त्याच ळ साठी छड्या मोडल्या.

अप्पांच्या हातात साड्यांच्या दुकानाची एक जाड पिशवी असते. तिच्यात त्यांचं शरीर आहे, कागदावर. अकरा शिबिरांची अकरा कार्डं, प्रत्येकाचा रंग वेगळा. कुठल्या तरी कंपनीच्या सीएसआरमधून निघालेले ईसीजीचे चार कागद, पुसट होत चाललेले. छातीचा एक एक्स-रे, जो मागच्या सूर्यग्रहणात अख्ख्या आळीने डोळ्यांपुढे धरून झाला आहे. फुकट मिळालेले तीन चष्मे, तिन्ही एकाच नंबरचे. आणि तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या. त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

शिबिरांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीला संपतो. आमच्याकडे ज्यांची फार्महाऊसं आहेत ती मंडळी थंडीत येतात, त्यांच्या ओळखीचे डॉक्टर येतात, वालाच्या शेंगांची पोपटी लागते, आणि रविवारी सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत ब्लडप्रेशर मोजलं जातं. पुढाऱ्यांचे वाढदिवस असतातच. पावसाळ्यात, जेव्हा ताप, जुलाब, विंचू आणि साप असं सगळं एकदम उपटतं आणि वाडीतून डांबरी सडकेला यायला चिखल तुडवावा लागतो, तेव्हा शिबिर नसतं. त्याला इलाज नाही, मांडव भिजतो.

तपासणीच्या टेबलावर अप्पांना बघावं. नवखी सिस्टर बोटाच्या मधोमध सुई टोचायला गेली की ते हात मागे घेतात. "बाजूला टोचा, ताई. मधी दुखतं." थेंब आला की लगेच पट्टी पुढे करायची नाही. "पयला पुसा. दुसरा घ्या." सिस्टर डॉक्टरांकडे बघते. डॉक्टर इंटर्न असतो, तो पुस्तक आठवून मान हलवतो, कारण अप्पांचं बरोबर असतं. ब्लडप्रेशरला तर त्यांची शिस्त कुणी शिकवावी अशी आहे. पाच मिनिटं स्वस्थ बसणार, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही, हात टेबलावर, तोंड बंद. एरवी ग्रामसभेतही ज्यांचं तोंड बंद झालं नाही ते अप्पा पट्टा फुगून उतरेपर्यंत ब्र काढत नाहीत. मग आकडा येतो. "एकशे सत्तर बाय शंभर," अप्पा मांडवाला ऐकू जाईल असं म्हणतात. कर्जतमध्ये प्लॉटची मापं याच चालीवर सांगतात.

एकशे चाळीस बाय नव्वदच्या वर गेलं की बीपी धरतात, आणि जेवणखाण न बघता मोजलेली शुगर एकशे चाळीसच्या वर असली की पुढे तपासतात, हे अप्पांना पाठ आहे. इतकं की रांगेतल्या बायाबापड्यांचे निकाल तेच लावून टाकतात. "तुझी एकशे दहा? जा, भाकर खा. काय नाय तुना."

मग औषधांचं टेबल. तिथे अप्पांची पावलं जड होतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, कार्ड मिळतं, आणि "नंतर जवळच्या सरकारी दवाखान्यातून नियमित घ्या" असं सांगितलं जातं. बीपीची अम्लोडिपिन ही पाच मिलिग्रॅमची, मुगाएवढी पांढरी गोळी. अप्पा ती तळहातावर घेऊन वजन केल्यासारखी वरखाली करतात. "येवढीशी गोली, आनि येवढा मोठा बीपी!" शुगरची मेटफॉर्मिन आकाराने बरी असते, तिला थोडा मान मिळतो. पण "रोज घ्यायची, आयुष्यभर" हे शब्द आले की त्यांचा चेहरा असा होतो, जसा सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ऐकून होतो. आणि दुखत तर काहीच नाही! दुखत नसताना गोळी घेणं म्हणजे पाऊस नसताना इरलं घेणं.

त्यात एक खोल हिशेबही आहे, तो त्यांनी मला एकदा विश्वासात घेऊन सांगितला. गोळी घेतली आणि आकडा उतरला, तर पुढच्या शिबिरात डॉक्टर ढुंकून बघणार नाही. एकशे सत्तरवाल्याला डॉक्टर खुर्ची देतो, दुसऱ्या डॉक्टरला बोलावतो, "बाबा, चक्कर येते का?" असं विचारतो. घरात कुणी विचारत नाही हो.

हे ऐकल्यावर मला त्यांच्यावर रागावता येईना.

आणि खरं सांगायचं तर शिबिरवाल्यांचंही अप्पांवाचून चालत नाही. संध्याकाळी मांडव उतरताना 'लाभार्थी तीनशे बारा' असा आकडा माझ्याच वहीवरून जातो. त्यात अप्पा असतात. अकरा शिबिरांच्या अकरा अहवालांत ते अकरा लाभार्थी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी 'नव्याने आढळलेला रुग्ण' आहेत. कोलंबसाला अमेरिका एकदाच सापडली. अप्पांची शुगर दर थंडीत नव्याने सापडते. सोळाव्या दिवशी मात्र ती कुणालाच सापडत नाही, कारण सोळाव्या दिवशी बॅनर नसतो.

एक उपचार अप्पांनी पुरा केला, नाही असं नाही. मोतीबिंदू. पनवेलच्या डोळ्यांच्या इस्पितळाची बस गावात आली, नेलं, ऑपरेशन केलं, जेवू घातलं, काळा चष्मा घालून परत आणून सोडलं. आठवडाभर अप्पा मुंबईचा नट आल्यासारखे पारावर बसले. त्या दिवसापासून त्यांचं ठाम मत झालं, की आजार असावा तर मोतीबिंदूसारखा. एकदा काढला की संपला. शुगरला बस नाही, ऑपरेशन नाही, काळा चष्मा नाही.

आहारावर बोलायला एकदा मुंबईच्या बाई आल्या होत्या. फार गोड बोलल्या. भात कमी करा, ओट्स खा, सॅलड आधी खा. मांडवात शांतता पसरली. हा कर्जत तालुका! आमच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांना 'कर्जत ३', 'कर्जत ७' अशी गावाचीच नावं आहेत. दुपारी भात, रात्री भात, भाकरी केली तीही तांदळाची. अप्पा उठले आणि अदबीने म्हणाले, "बाई, भात सोडला तर आमी जेवलो का नाय, ता आमाला कलायचं कसं?" बाईंनी ओट्सचं पान बंद केलं. मग मागच्या रांगेतली एक ठाकरीण पुटपुटली, की डोंगरावर आमची आजी नाचणी आणि वरीच खायची, ते मळे आता फार्महाऊसच्या कुंपणात गेले. ते कुणी लिहून घेतलं नाही. रकाना नव्हता.

अप्पा फक्त एका व्यक्तीला घाबरतात. ती मांडवात नसतेच. ती आशाताई. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा एक सरकारी फॉर्म तिला भरावा लागतो. वयाला गुण, तंबाखूला गुण, दारूला गुण, कमरेच्या घेराला गुण, आईबापाला बीपी-शुगर असली तर त्याचेही गुण. चाराच्या वर गेलं की तपासणीला आधी पाठवायचं. ती टेप घेऊन आली तेव्हा अप्पांनी पोट आत ओढलं. "सोडा," ती म्हणाली, आणि सुटेपर्यंत टेप धरून उभी राहिली. साठीचे चार, रोजच्या तंबाखूचे दोन, घेराचा एक, उरलेल्या सवयीचा एक. आठ. चौथीत दोनदा बसलेले अप्पा खूश झाले, जन्मात पहिल्यांदा कुठेतरी पासाच्या वर गेलो म्हणून. तिने विचारलं, "गोळ्या?" अप्पा म्हणाले, "घेतो की." तिने हात पुढे केला. "रिकाम्या पट्ट्या दाखवा."

असं विचारणारा डॉक्टर मी मांडवात पाहिलेला नाही. गावातल्या बाईकडे हे काम सोपवणं ही काही नवी अक्कलही नव्हे. आपला जिल्हा अजून कुलाबा होता, १९८१ साली त्याचा रायगड व्हायचा होता, तेव्हा डॉ. नोशीर अँटिया या मुंबईच्या प्लास्टिक सर्जनने अलिबागेजवळ मांडव्याला गावातल्याच, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं होतं. सरकारच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली ती २००५ नंतर. गावातल्या बाईला फसवता येत नाही, कारण तिला चुलीमागचं ठाऊक असतं. अप्पांच्या बायकोची बीपीची गोळी आशाताईमुळे सुरू झाली, तिला तीन वर्षं झाली. काकी ती गोळी सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर घेते आणि गवताला जाते. एकाही शिबिरात ती आलेली नाही. रविवारी म्हैस कोण बघणार? तिचं बीपी किती, हे गावात कुणाला माहीत नाही, कारण सांगण्यासारखं आता ते राहिलेलंच नाही.

गेल्या थंडीत शिबिर आटोपत आलं होतं. माझी वही मिटली, अप्पांचा आकडा लागून गेला होता: दोनशे एक्केचाळीस. स्वारी खुशीत होती. सिस्टरकडे एक पट्टी उरली होती. अप्पांनी माझा दंडच धरला. "गुरुजींचा घ्या! येवढी वर्सं आमचा लिवतात, त्यांचा कोन लिवनार?" मी नको नको म्हणालो. मला काही होत नाही, सकाळी चालतो. अप्पांनी मला खुर्चीत बसवलं, "बाजूला टोचा" म्हणाले, "पयला पुसा" म्हणाले, आणि मशीनवर माझ्याआधी तेच वाकले.

दोनशे शहाऐंशी.

मांडवात कुणीतरी च्च केलं. अप्पांनी मशीन हातात घेतलं, हलवलं, परत बघितलं. तोंड उतरलं ते माझं नाही, त्यांचं. "जेवून आलाव असाल," ते म्हणाले. मी म्हटलं, सकाळी फक्त चहा घेतलाय, आणि काल रात्री पोपटी. "मंग पोपटीचा हाय तो," अप्पा म्हणाले, आणि मला थोडं कमी करून दिल्यासारखा त्यांचा जीव जागेवर आला.

मांडव उतरला, गाडी गेली. औषधांचा खोका गाडीत आधीच चढला होता. अप्पा साड्यांची पिशवी घेऊन माझ्याबरोबर शाळेच्या पायरीवर बसले. बराच वेळ तळ उपसून त्यांनी मेटफॉर्मिनची एक पट्टी काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात ठेवली. "ही घ्या. रोज घ्यायची, बरं का. चुकवायची नाय."

मी चष्मा चढवून पट्टी उलटी केली. मुदत संपून दोन वर्षं झाली होती. दहाच्या दहा गोळ्या शाबूत होत्या.